दुसऱ्याच्या नावाने देवाला सांगताना: संकल्प, जप, गाऱ्हाणे आणि नवस

प्रश्न थोडक्यात असा: थोरली बहीण बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात दाखल आहे, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. ती साखळीला दिलेली. माहेरचे कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा, सासरचा मंगेश. धाकट्या भावाने तिच्या नावाने अभिषेक, जप, नवस केला तर चालतो का, तो तिला लागतो का, आणि शेजारच्या खाटेवरच्या ख्रिस्ती बाईसाठीही काही मागता येईल का?

चालतो. मात्र दुसऱ्यासाठी मागताना नाव त्याचे घ्यायचे आणि भार आपल्या अंगावर ठेवायचा, हे सूत्र सुटले की पुढे सगळा घोळ होतो.

आधी तिची संमती. नित्य आणि नैमित्तिक कर्माला प्रतिनिधी चालतो, पण काम्य कर्माचा, म्हणजे अमुक फळ हवे म्हणून केलेल्या कर्माचा आरंभ ज्याचा त्याने करावा आणि मग पुढचे दुसऱ्याने चालवले तरी हरकत नाही, असे धर्मशास्त्राचे निबंधकार सांगतात. आजारपणातले अनुष्ठान काम्यच आहे. यावर तोड सोपी आहे. चिमूटभर कोरड्या अक्षता आणि एक सुपारी कागदाच्या पुडीत बांधून वॉर्डात न्या. अक्षतांना ओले कुंकू लावू नका, चादरीला डाग पडतात आणि सिस्टर ओरडतात ते बरोबरच असते. बहिणीने पुडीला हात लावून ‘माझ्यासाठी कर’ एवढे म्हटले की झाले. तीच सुपारी संकल्पाच्या वेळी हातात घ्यायची. बहीण आयसीयूत असेल किंवा शुद्धीवर नसेल, तर तिच्या नवऱ्याने हात लावावा. माहेरच्यांची माया कितीही असली तरी भावोजींना न विचारता अनुष्ठान बसवू नका. पुष्कळ घरांत अबोला धरला जातो तो नेमका इथे, आणि मग आजारी माणसाच्या उशाशी दोन घरांचे मानापमान चालतात.

आता संकल्पाला लागणारी माहिती. लग्न झालेल्या बाईचे गोत्र नवऱ्याचे, त्यामुळे तुमचे गोत्र तिच्या नावाला लावू नका. नवस तुम्ही बोलणार असाल तर तिथे गोत्र तुमचे आणि आरोग्य तिचे, असे दोन्ही यायला हवे. गोत्र कोणालाच ठाऊक नसेल तर काश्यप म्हणतात. नाव आज हाक मारतात ते. लग्नात बदललेले नाव चालते, नक्षत्र मात्र जन्माचे घ्यायचे. पत्रिका सापडत नसेल तर नावाच्या पहिल्या अक्षरावरून अवकहडा चक्रात पाहायचे: सुनंदा असेल तर ‘सू’ म्हणजे शततारका, रास कुंभ. संवत्सराचे नाव पंचांगाच्या सुरुवातीलाच असते. शके 1947 चे विश्वावसु, 1948 चे पराभव. पाडवा होऊन गेल्यावरही महिनाभर जुनेच संवत्सर म्हणत राहणे ही घरोघर होणारी चूक आहे. स्थळ सांगताना आपल्याकडे ‘परशुरामक्षेत्रे’ म्हणतात, मग गाव.

मुख्य वाक्य असे: ‘कौशिकगोत्रोत्पन्नायाः सुनन्दानाम्न्याः मम भगिन्याः शरीरे उत्पन्नस्य व्याधेः परिहारार्थं, शस्त्रक्रियायाः निर्विघ्नसिद्ध्यर्थं, क्षिप्रम् आरोग्यप्राप्त्यर्थं च यथाशक्ति जपं करिष्यामि.’ यात दोन जागी पाय घसरतो. बाईसाठी ‘गोत्रोत्पन्नस्य’ म्हणत नाहीत, ‘गोत्रोत्पन्नायाः’ म्हणतात. पुस्तकातला संकल्प पुरुषाच्या नावाने छापलेला असतो आणि माणसे तोच वाचतात. दुसरे, स्वतःसाठी करताना शेवटी ‘करिष्ये’ येते, दुसऱ्यासाठी ‘करिष्यामि’. संस्कृत जमत नसेल तर मराठीत सांगा, अडत नाही. पण तेही नेमके हवे: कोण, कोणासाठी, काय, किती, कधीपर्यंत. ‘सगळ्यांचे भले कर’ ही प्रार्थना छान आहे, तिला संकल्प म्हणत नाहीत.

व्हॉट्सअॅपवर हल्ली मृत्युंजय मंत्राच्या मध्ये रोग्याचे नाव घालून म्हणायची टूम निघाली आहे. तसे करू नका. ‘त्र्यंबकं यजामहे’ ही ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातली ऋचा आहे, तिचे शब्द आणि स्वर आहेत तसेच राहतात. नाव संकल्पात एकदा घेतले की पुरे. रामरक्षेचेही तसेच. ‘शिरो मे राघवः पातु’ यातल्या ‘मे’च्या जागी बहिणीचे नाव बसवायचा प्रयत्न केला तर वृत्त मोडते आणि अर्थालाही काही वाढ होत नाही.

संख्येबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण पैसे आणि मनस्ताप दोन्ही इथे वाया जातात. मृत्युंजय मंत्र स्वच्छ म्हटला तर मिनिटाला पाच होतात, म्हणजे एक माळ वीस-बावीस मिनिटांची. माळेत मणी 108, मोजणीत धरायचे 100. वरचे आठ चुकांच्या खाती. मेरुमणी ओलांडायचा नाही, तिथून माळ फिरवायची. या हिशेबाने सव्वा लाख जप म्हणजे 1250 माळा, आणि वेळ सुमारे साडेचारशे तास. अकरा भटजी रोज सहा तास बसले तरी सात दिवस लागतात. त्यावर दशांश होम, म्हणजे साडेबारा हजार आहुती, मग त्याच्या दशांशाने तर्पण, मार्जन आणि ब्राह्मणभोजन. ऑपरेशन आठवड्यावर असताना हे बसत नाही. तिघे जण एका सकाळी सव्वा लाख करून देतो म्हणाले, तर तासाला किती मंत्र होतात एवढे त्यांना शांतपणे विचारा.

त्यापेक्षा रोज एक माळ, ठरल्या वेळी, ऑपरेशनच्या दिवसापर्यंत आणि पुढे टाके काढेपर्यंत. मंत्र कोणाकडून रीतसर घेतलेला नसेल तर रामरक्षा घ्या. अडतीस श्लोक, दहा मिनिटे, उच्चार लहानपणापासून तोंडात बसलेले. संकल्पात आकडा लहान ठेवा. अकरा म्हणून एकवीस केले तर कोणी विचारत नाही, एकवीस म्हणून तेरावर थांबलात तर तेच मनाला खात राहते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी आधी कालचे, मग आजचे. तुम्ही तापाने आडवे झालात तर पत्नी, मुलगा, भाऊ यांच्यापैकी कोणीही तो दिवस चालवू शकतो.

देवळात अभिषेक करणार असाल तर आकडे लक्षात असू द्या: रुद्राची, म्हणजे शंकराच्या वैदिक स्तोत्राची, अकरा आवर्तने म्हणजे एकादशनी, 121 म्हणजे लघुरुद्र, 1331 म्हणजे महारुद्र. एकादशनी एका भटजीकडून सकाळी होते. लघुरुद्राला अकरा जण बसतात आणि तेही दुपारच्या आरतीपूर्वी आटोपते. मंगेशीला सोमवारी पालखी असते, गर्दी असते. तुमच्या बहिणीच्या नावाने निवांत अभिषेक हवा असेल तर दुसरा वार बघा. देवस्थानच्या कार्यालयात पावती फाडताना नाव आणि गोत्र स्वतः लिहून द्या, तोंडी सांगू नका. घाईत ‘वत्स’चे ‘वसिष्ठ’ होते. काही सेवा महाजन-कुळाव्यांपुरत्या, म्हणजे देवस्थानच्या मानकरी आणि कुळातल्या घराण्यांपुरत्या असतात, काहींना सोवळे लागते. हे दोन दिवस आधी फोन करून विचारा.

कवळे की मंगेशी? दोन्ही ठिकाणी जा, पण क्रमाने. तिचे कुलदैवत आता सासरचे, तर अभिषेक तिच्या नावाने मंगेशाला, शक्यतो भावोजींच्या हातून. शांतादुर्गेला तुम्ही माहेरचे म्हणून जा. तिथे खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू आणि गजरा घेऊन तुमच्या घरातल्या बाईने ओटी भरावी. आणि साखळीच्या ग्रामदैवताला विसरू नका. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या धाकाने केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला. तेव्हापासून आपल्यापैकी कित्येकांचे घर एका गावात आणि कुलदेव दुसऱ्या. अशा वेळी राहत्या जागेचा देव पहिला सांगायचा, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे.

गाऱ्हाणे घालणे, म्हणजे देवापुढे उभे राहून मागणे मांडणे, हा या सगळ्याचा गाभा, आणि ते घरच्या भाषेत असते. पेडण्याच्या बाजूला ‘बारा-पाचाच्या देवा म्हाराजा’ अशी हाक आणि मागे उभ्या असलेल्यांचे ‘व्हय म्हाराजा’, अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, थोडे वेगळे शब्द, घडण एकच. केळीच्या पानावर शेंडीचा नारळ, विडा, सुपारी, फूल, दक्षिणा. नारळ गाऱ्हाण्याआधी फोडत नाहीत. गाऱ्हाणे घालणारा भटजी असो की गुरव, आधी सगळ्या देवांची हाक घेतो: स्थळाचा देव, सातेरी, रवळनाथ, वेताळ, भूमिका, राखणदार, मग कुलदैवत. मग कोण उभा आहे ते सांगतो, कोणासाठी उभा आहे ते सांगतो, मागणे मांडतो, आणि चुकले-माकले असेल तर पदरात घे म्हणतो. मागण्यापर्यंत पोचायला चार-पाच मिनिटे पुरतात.

गाऱ्हाणे घालणाऱ्याला तुम्ही काय सांगता त्यावर पुष्कळ अवलंबून असते. एका वाक्यात सांगा: ‘माझी बहीण, साखळीची, तिचे बुधवारी ऑपरेशन आहे, ते सुखरूप होऊ दे, ती चालती-बोलती घरी येऊ दे.’ रोगाचे नाव, रिपोर्टातले आकडे, डॉक्टर काय म्हणाले, हे देवळाच्या चौकात मोठ्याने सांगायचे कारण नाही. गोव्यात सभामंडपातली बातमी तुमच्या आधी साखळीला पोचते. ‘दुखणे’ म्हणा, पुरे. आणि हे तर अजिबात नको: ‘कोणी काही केले असेल तर त्याच्यावर उलटू दे.’ एकासाठी मागताना दुसऱ्यावर शिव्याशाप घातले की मागणे तिथेच नासते. जाणता गाऱ्हाणे घालणारा असे शब्द उच्चारतच नाही. तो ‘इडापीडा टळू दे’ म्हणून पुढे जातो.

कौलाबद्दल चार शब्द. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावून प्रश्न मांडतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. घरजागा, सोयरीक, शेतभात यांसाठी हे आपल्याकडे पूर्वापार चालत आले आहे. ऑपरेशन करावे की नाही हे मात्र कौलाला लावू नका. तारीख ठरली आहे, भूल देणाऱ्यांनी तपासले आहे, आणि डावी पाकळी पडली तर तुम्ही बहिणीला काय सांगणार? सांगितले तर ती घाबरून टेबलावर जाणार, न सांगितले तर तुम्ही रात्रभर जागणार. विचारायचेच असेल तर स्वतःबद्दल विचारा: मी बोललेली सेवा मान्य आहे का. प्रश्न एकच असावा. ‘ऑपरेशन होऊन पुढे त्रास होणार नाही ना’ यात दोन प्रश्न आहेत, पाकळी कशाचे उत्तर देणार? आणि हवे ते उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा पाकळ्या लावणे म्हणजे न विचारल्यासारखेच.

नवस. इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात आणि ती चूक वर्षानुवर्षे घरात राहते. भाऊ आवेगात बोलून जातो: ‘ती बरी झाली की अनवाणी चालत मंगेशीला येईल’, ‘तिच्या पाटल्या देवीला वाहीन’, ‘भाच्याला शिरगावच्या लईराईच्या जत्रेत धोंड करीन’. बोलणारा एक, फेडणारा दुसरा. पोट शिवलेली बाई साखळीहून चालत कशी येणार? पाटल्या तिच्या, त्या तुम्ही कशा वाहणार? लईराईचे धोंड व्रत पाळतात, सोवळ्याने राहतात, पहाटे होमकुंडातून जातात. ते त्या मुलाने स्वतः मनावर घ्यायला हवे. तेव्हा नवसात क्रियापद नेहमी तुमचे असावे: मी येईन, मी देईन, मी करीन.

तुळाभाराचे, म्हणजे माणसाच्या वजनाइतका जिन्नस देवाला वाहण्याचे, तर वेगळेच. तुळाभार तिचा बोलायचा तर तराजूत तिलाच बसावे लागते, आणि ते तिला न विचारता बोलणे बरे नव्हे. शिवाय हिशेब आधी करा. साठ किलोच्या बाईला सोललेला नारळ सहाशे ग्रॅमचा धरला तर शंभर नारळ लागतात, आणि नारळाचे भाव हल्ली कुठे पोचलेत ते गोंयकाराला सांगायला नको. साखर, गूळ, केळी, तांदूळ यांचाही तुळाभार होतो. बोलताना जिन्नस ठरवून बोला. ‘तुळाभार करीन’ एवढेच मोघम बोललात तर पुढे कशाचा, यावरून घरात मतभेद ठरलेले.

नवस बोलल्यावर फडक्यात एक नाणे बांधून देव्हाऱ्यात ठेवा आणि सोबत चिठ्ठी: कोणासाठी, कोणत्या देवाला, काय, कोण फेडणार, तारीख. चिठ्ठी नसली की दहा वर्षांनी घरात काही बिनसले तर ‘कोणाचा तरी नवस राहिलाय’ म्हणून शोधाशोध सुरू होते, आणि नाणे कोणी बांधले होते हे सांगायला कोणी उरलेले नसते. एका दुखण्यासाठी एक नवस. सात देवांना सात बोलून ठेवलेत तर गुण आल्यावर सातही फेडावे लागतील. आणि मागितलेले मिळालेच नाही, माणूस गेले, तर ‘बरी झाली तर’ म्हणून बोललेला नवस उरत नाही. नाणे देवळाच्या पेटीत घालून हात जोडायचे. ते कर्ज मुलांच्या डोक्यावर ठेवू नका.

पुष्कळांकडून जे राहूनच जाते ते श्रेयोदान. जप तुम्ही केला, त्याचे श्रेय तुमच्यापाशी आहे. ते तिला द्यायला हवे. ‘तिला लागतो का’ या तुमच्या प्रश्नाचे विधीतले उत्तर हेच. शेवटच्या दिवशी हातात सुपारी आणि अक्षता घेऊन, त्यावर पळीभर पाणी सोडून म्हणायचे: अमुक संख्येच्या जपाचे जे श्रेय ते मी अमुक गोत्राच्या अमुक नावाच्या बहिणीला देतो. सुपारी तिच्या हातात द्यायची, ती वॉर्डात असेल तर भावोजींच्या. भटजी बसवले असतील तर ते यजमानाला अशीच सुपारी किंवा नारळ देतात, आणि दक्षिणा तिथेच द्यायची असते. पाकीट नंतर जीपेवर पाठवतो म्हणून निघून जाऊ नये.

प्रसाद वॉर्डात नेताना डोके ठिकाणावर ठेवा. तीर्थात दूध, दही, तूप, मध, साखर असते. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून पोट रिकामे ठेवायला सांगितलेले असते, तेव्हा पळीभर तीर्थसुद्धा तोंडात घालायचे नाही. पोटात काही गेल्याचे कळले तर ऑपरेशन पुढे ढकलतात, आणि न कळता भूल दिली तर उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. इतर वेळीही सिस्टरला विचारून द्या, साखरेच्या रोग्याला तर नक्कीच. अंगारा कपाळाला लावा, नाकाशी ऑक्सिजनची नळी असेल तर फुंकू नका. फुले आणि हार आयसीयूत नेत नाहीत. उदबत्ती किंवा निरांजन वॉर्डात पेटवणे हा थेट आगीचा धोका आहे. तीर्थ बाटलीत घरी ठेवू नका, दुसऱ्या दिवशी ते नासलेले दूध असते. अंगाऱ्याची पुडी आणि एक फूल उशीखाली, बस.

सुतक आले तर? सपिंडांना दहा दिवस. तुम्ही देवळात जात नाही, ओटी भरत नाही. संकल्प करून जप सुरू झालेला असेल तर मध्ये आलेले सुतक त्या कामाला लागत नाही, असे शास्त्र आहे. सुरू व्हायचे असेल तर मात्र लागते. व्यवहारात घरचे बिचकतात, म्हणून देवळातले काम सुतक नसलेल्या मित्राकडे द्या आणि तुम्ही घरी नाम घ्या. नामाला सुतक-सोयेर नाही.

शेजारच्या खाटेवरच्या बाईंबद्दल. त्यांना आधी विचारा, ‘तुमच्यासाठी देवाकडे सांगू?’ गोव्यात याला नको म्हणणारे क्वचितच भेटतात. पण त्यांच्या नावाला काश्यप गोत्र लावून संकल्पात ओढू नका. तुमची माळ झाली की त्यांचे नाव घेऊन साध्या शब्दांत मागा. त्यांना त्यांच्याच वाटेने काही हवे असेल तर त्यांच्या घरच्यांच्या हाती पैसे देऊन त्यांच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, त्यांच्या नावाने मीस (चर्चमधली मुख्य उपासना) म्हणायला सांगता येते. पाद्री ते नाव मिसेत घेतात. म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे तिथल्या मेरी मातेला, तेल घालायला हिंदूही जातात, लोक तिला लईराईची बहीण मानतात. तिथे जाणार असाल तर तेलाची बाटली घेऊन जा, आणि नवस तिथेही तुमच्याच नावाने बोला.